नकाशातलं दार

परवा भाचा घरी आला होता. मोठ्या इमारतीत आग लागली तर धूर कुठून कुठे जाईल, याचं संगणकावर गणित मांडणं हा त्याचा धंदा. चहा होईपर्यंत त्यानं मला एक थिएटर जाळून दाखवलं. इमारतीतल्या हवेचे हजारो चिमुकले चौकोनी ठोकळे पाडायचे आणि प्रत्येकात क्षणाक्षणाला उष्णता किती, वारा किती, धूर किती, याचा हिशेब ठेवायचा. धूर आधी छताला चिकटून पसरला, भिंतीपाशी वळला आणि साचत साचत बाल्कनीतल्या माणसांच्या नाकापर्यंत उतरला. ज्वाळा तिथवर पोचल्याच नव्हत्या.

या गणिताला मी नाक मुरडणार नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याला आग लागून ३१ माणसं गेली. एवढीशी आग एकाएकी तिकीटघरात कशी उसळली, ते कुणाला कळेना. संगणक म्हणाला, ज्वाळा जिन्याच्या तिरप्या खाचेत आडव्या झाल्या आणि वर धावल्या. जाणत्यांना आधी ही संगणकाचीच चूक वाटली. मग छोटी प्रतिकृती करून पेटवली, तर तस्संच झालं!

पण आपल्याकडचं 'उपहार' आठवा. १३ जून १९९७, दिल्ली, दुपारचा खेळ, 'बॉर्डर'. खाली वाहनतळाशेजारचा ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर जिन्यानं बाल्कनीत चढला आणि ५९ माणसं गुदमरून गेली. बाल्कनीच्या उजव्या अंगाची वाट आठ खुर्च्यांचा बॉक्स बांधून बंद केलेली होती.

मी भाच्याला विचारलं, "तुझ्या चित्रातलं हे दार उघडं आहे, ते कशावरून?"

"मामा, नकाशात तसं आहे."

हे उत्तर मला नवं नव्हतं. बँकेत असताना आमच्या एका शाखेचा मागचा जिना जुनी लेजरं आणि व्हाउचरांच्या गठ्ठ्यांनी भरलेला असे. दाराला चोरीच्या धास्तीनं कुलूप, किल्ली हेड कॅशिअरच्या खणात. पेन्शनच्या दिवशी वर दीडशे म्हातारी माणसं. वार्षिक तपासणीच्या फॉर्मावर 'आपत्कालीन मार्ग मोकळा आहे काय?' या प्रश्नापुढे 'होय' लिहिलेलं. तीन वर्षं ते 'होय' माझ्या अक्षरातलं होतं. काही घडलं नाही, हे आमचं नशीब. (उंदरांनी मात्र लेजरं खाल्ली. त्याचा पत्रव्यवहार पुढे दोन वर्षं चालला.)

म्हणून मला वाटतं, थिएटर, मॉल, इस्पितळ यांचं हे गणित दोनदा करावं. एकदा नकाशातली दारं धरून, आणि एकदा गर्दीच्या संध्याकाळी मालकाला न कळवता जाऊन, कड्या ओढून पाहिलेली दारं धरून. दोन्ही उत्तरं तिकीटखिडकीशेजारी लावावीत. बायकामुलांना घेऊन आत जायचं की नाही, ते मग ज्याचं त्यानं ठरवावं.

"कोण लावू देईल?" भाचा हसला. तरी माझ्या आग्रहाखातर त्यानं एक दार बंद करून गणित पुन्हा लावलं. उत्तराला रात्र लागेल, म्हणाला. त्याला चार दिवस झाले. मी अजून फोन केलेला नाही.