बर्फाचा श्वास आणि वाड्यांतील आड

उंच पर्वतावरील बर्फांतून वारा कर्बाम्लवायु कसा काढून नेतो, या विषयावर बिलोलीस बसून लिहावें हें वाचकांस कदाचित् चमत्कारिक वाटेल. आमच्या तालुक्यांत बर्फ दिसतें तें वळवाच्या गारांच्या रूपानें, आणि तेंही घटकाभरांत मांजरेच्या वाटेला लागतें. परंतु आमच्या वाड्यांतील आडाची एक जुनी गोष्ट आम्हांस या बर्फामुळेंच नीट उमगली, म्हणून हा प्रपंच.

बर्फ म्हणजे दगडासारखा घट्ट थर, अशी आपली समजूत असते. वस्तुतः थंडींत साचलेल्या भुसभुशीत बर्फांत निम्म्याहून अधिक जागा हवेनेंच व्यापिलेली असते. त्या जाड पांघरुणाखालीं जमीन फारशी गोठत नाहीं. तींतील सूक्ष्म जंतु पालापाचोळा कुजवीत राहतात व कर्बाम्लवायु सोडतात. (हल्लींचीं मुलें यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, आमच्या जिभेस जुनेंच नांव सोपें जातें.) हा वायु बर्फाच्या छिद्रांतून संथपणें वर झिरपतो.

अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत, रॉकी पर्वताच्या नायवॉट रिज नांवाच्या धारेवर, सुमारें ३००० मीटर उंचीवरील अरण्यांत बोलिंग व मॅसमन या शास्त्रज्ञांनीं बर्फाच्या निरनिराळ्या थरांतील हवा तपासली. त्यांचा लेख २०११ सालीं प्रसिद्ध झाला. वारा सुटला म्हणजे बर्फांतील वायूचें प्रमाण उतरतें, असें त्यांस आढळलें. वाऱ्यामुळें हवेचा दाब क्षणोक्षणीं किंचित् कमीअधिक होतो, आणि छिद्रांतील हवा भात्यांतल्यासारखी आंतबाहेर हालते. येथें एक मौज आहे. बर्फांत वायु कमी सांपडला, म्हणून जमिनीनें श्वासच कमी सोडला असें गणित कोणीं मांडलें तर तें चुकेल. जमीन तेवढाच सोडीत होती, वाऱ्यानें तो लवकर नेला इतकेंच. वारा पडला कीं तोच पुन्हा आंत सांचूं लागतो.

आतां आमच्या आडाकडे वळूं. आम्ही दहा वर्षांचे असतां वैशाखांत त्याचा गाळ काढावयाचा होता. आड अरुंद, पांच पुरुष खोल, चोहों बाजूंनीं वाड्याच्या भिंती. वाऱ्यास शिरकाव कोठूनच नाहीं. त्या दिवशीं पान हालत नव्हतें व दुपारीं आभाळ भरून आलें होतें. गडी तळाशीं पोंचतांच मटकन बसला. धाकटे काका त्यास काढावयास धांवले. आजोबांनीं त्यांचा दंड धरला व कमरेस दोर बांधल्यावांचून सोडलें नाहीं. अर्ध्यावर जातांच काकांची हाक बंद झाली. दोर होता म्हणून ते वर आले. गडी गेला. त्याचा मुलगा आमच्याच वर्गांत होता. तो पुढें शाळेंत आला नाहीं. घरांतील बायका आडांत बाधा आहे असें कित्येक वर्षें म्हणत, आणि आम्हीही तें मानीत होतों.

बाधा होती ती याच वायूची. तो हवेच्या दीडपट जड. मोकळ्या हवेंत त्याचें प्रमाण दहा हजारांत सुमारें चार भाग, जमिनीच्या पोटांत त्याच्या कितीतरी पट. शंभरांत दहा भाग झाला कीं माणूस थोड्याच वेळांत बेशुद्ध पडतो. शिवाय पावसापूर्वीं हवेचा दाब उतरतो, तेव्हां जमिनींतील वायु आडांत ओढला जातो. मोटेची रुंद विहीर वाऱ्यास उघडी, तीस भय कमी. आड व धान्याचें पेव यांस अधिक. अमरकोशांत वाऱ्यास जगत्प्राण असें नांव आहे, तें आम्हीं मुलांकडून घोकून घेतलें, पण आडाशीं त्याचा संबंध जोडला नाहीं!

कंदील सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. तो विझला तर उतरूं नयेच. परंतु जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊं नये, कारण ज्योत टिकते अशा हवेंतही माणसाचें भान जाऊं शकतें. हल्लीं आंतील प्राणवायु मोजण्याचीं लहान यंत्रें मिळतात. आजोबा मात्र त्या वर्षानंतर कडुनिंबाचा मोठा डहाळा दोरास बांधून बराच वेळ वरखालीं करवीत, आणि वारा पडलेला असला तर काम पुढें ढकलीत.

त्या आडावर आतां लोखंडी जाळी आहे. यंदा उन्हाळ्यांत ती काढून गाळ उपसावा असें आमच्या पुतण्याच्या मनांत आहे. त्यास हा मजकूर आम्हीं छापावयास देण्यापूर्वींच वाचून दाखविला.