ब्याऐंशी किलोमीटर, प्लस-मायनस किती?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. काकांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून आम्ही पनवेलहून महाबळेश्वरला आत्याकडे निघालो होतो. गाडीत काका, काकू, आजी, धाकटी बहीण आणि मी. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा पडद्यावर दोन आकडे होते. बॅटरी ३६ टक्के, रेंज ८२ किमी. महाबळेश्वर तिथून चाळीसेक किमी. काकांनी कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "काय इंजिनिअर, पोचेल ना रे?"

मी म्हटलं, "आरामात! डबल मार्जिन आहे काका."

मित्रांनो, हे उत्तर देणाऱ्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमवर आहे, हे लक्षात ठेवा. आमच्या गाईड सरांनी हा लेख वाचू नये अशी प्रार्थना करून पुढे लिहितो.

आंबेनळी घाट सुरू झाला आणि गाडी एक किमी पुढे गेली की पडद्यावरचे तीन किमी कमी व्हायला लागले. आधी सगळे हसले. मग एसी बंद झाला, काचा खाली आल्या, गप्पा थांबल्या. अंधार पडलेला, मोबाईलला रेंज नाही (ही वेगळी रेंज!) आणि मागे आजीचा जप सुरू. अठरा किमी चढून गेल्यावर आकडे होते १९ टक्के आणि २७ किमी. जायचे होते अजून बावीस. काका काही बोलले नाहीत. जरा रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही परत पोलादपूरला उतरलो. गंमत म्हणजे खाली आलो तेव्हा १९ चे २१ टक्के झाले होते. हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जर मिळाला. आत्याकडे पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. काकांनी गाडी विकायची भाषा सुरू केली आणि काकूंनी माझ्या डिग्रीबद्दल शंका काढली.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तो मुद्दाच नाही. कुठल्याही गाडीत हेच झालं असतं. चूक माझी होती, आणि ती बारावीच्या फिजिक्समधली होती.

हिशोब बघा. माणसं आणि सामान धरून गाडी साधारण साडेसतराशे किलोची. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीच्या हिशोबातलं गाव, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. म्हणजे बाराशे मीटरच्या वर चढ. एमजीएच काढा. दोन कोटी ज्यूलच्या पुढे जातं. वीजबिलातला एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा नुसतं वजन वर न्यायलाच सहा युनिट हवेत. मोटर-इन्व्हर्टरमधले लॉसेस धरले की जवळजवळ सात. शिवाय चाळीस किमी रस्ता कापायला पाचेक युनिट लागणारच. एकूण साडेअकरा ते बारा. काकांच्या गाडीची बॅटरी तीस युनिटच्या आसपास, तिचे ३६ टक्के म्हणजे पावणेअकरा. पोचणं शक्यच नव्हतं! हे गणित चहा गार व्हायच्या आत बिलाच्या मागे करता आलं असतं. मी केलं नाही, कारण पडद्यावर ८२ लिहिलं होतं.

आता हा ८२ येतो कुठून? तो आकडा गाडी मोजत नाही. बॅटरीत उरलेले युनिट भागिले गेल्या काही किलोमीटरचा सरासरी खर्च, असा तो साधा भागाकार आहे. आम्ही पनवेलपासून दीडशे किमी बऱ्यापैकी सपाट रस्त्याने शांतपणे आलो होतो, किमीला १३० वॅट-तासांच्या हिशोबाने. गाडीने गृहीत धरलं की पुढचं आयुष्यही असंच जाणार. पहिल्या तीन सेमिस्टरला फर्स्ट क्लास मिळाला म्हणून चौथ्या सेमला एम-थ्री निघेलच असं समजणारा आमच्या विंगमधला एक जण आठवला. काही गाड्या नॅव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकलं की पुढचा चढ-उतारही हिशोबात धरतात. पण मुख्य पडद्यावरचा आकडा बऱ्याच गाड्यांत मागे बघून पुढचं सांगतो.

आणि पुढे काय काय बदलू शकतं! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ६० ऐवजी १०० ने गेलात तर पावणेतीन पट. एसीचं तर उलटंच आहे. तो किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. एक किलोवॅटचा एसी ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या वेगाने किमीला ५० वॅट-तास घेतो, तोच हायवेला ८० ने जाताना साडेबारा. म्हणून रेंज हा गाडीचा गुणधर्म नाही असं माझं मत झालंय. ती त्या त्या प्रवासाची असते.

बरं, किमीचा आकडा अंदाज आहे हे पुष्कळांना माहीत असतं. ते म्हणतात, "किमी बघू नकोस, टक्के बघ, टक्के खरे असतात." तेही पूर्ण खरं नाही. बॅटरीत पेट्रोलच्या टाकीसारखा फ्लोट सोडता येत नाही. व्होल्टेजवरून चार्ज ओळखावा म्हटलं तर एलएफपी सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतं. तीस टक्के आहेत की साठ, हे चेहऱ्यावरून कळत नाही. मग आत-बाहेर जाणारा करंट मोजून बेरीज-वजाबाकी करत राहायची. मेसच्या वहीसारखं. रोजच्या नोंदीत चार-आठ आण्यांची चूक झाली तरी महिनाअखेरीस हिशोब जुळत नाही. एलएफपी बॅटरीच्या गाड्यांना अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असं सांगतात, त्याचं एक कारण हेच: वही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

या दोन्ही पद्धती एकत्र आणायला काल्मन फिल्टर वापरतात. रुडॉल्फ काल्मनने १९६० साली मांडला, अपोलोच्या नॅव्हिगेशनमध्ये वापरला गेला, आणि ग्रेगरी प्लेट यांनी २००४ साली तो लिथियम बॅटरीच्या चार्जचा अंदाज करण्यासाठी कसा वापरायचा हे तीन सविस्तर पेपर्समधून दाखवलं. आमचा प्रोजेक्ट त्यावरच उभा आहे. आणि माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते.

हा फिल्टर फक्त उत्तर देत नाही. आपलं उत्तर किती चुकू शकतं, हेही तो प्रत्येक पायरीला सोबत काढतो. कोव्हेरिअन्सचं ते मॅट्रिक्स नसेल तर फिल्टर चालतच नाही. म्हणजे आपल्याला किती माहीत नाही हे त्या चिपला माहीत असतं! पडद्यावर येताना मात्र तेवढाच भाग गाळला जातो आणि उरतो ठळक, एकटा, आत्मविश्वासाने भरलेला आकडा. पहिल्या वर्षाला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये "जी" ची किंमत लिहून पुढे प्लस-मायनस न टाकल्याबद्दल माझा अर्धा मार्क कापला होता. त्या मॅडमसमोर हा डॅशबोर्ड ठेवला असता तर जर्नल परत आलं असतं.

जुन्या स्कूटरला तर काटाही नव्हता. गाडी तिरकी करून टाकीतला आवाज ऐकायचा आणि रिझर्व्हला आली की पंप शोधायचा. ते मोजमाप ढोबळ होतं आणि ढोबळ दिसतही होतं, म्हणून चालवणारा सावध असायचा. "८२" ढोबळ दिसत नाही. ८० लिहिलं असतं तरी मी कदाचित दोनदा विचार केला असता.

माझा रूम-पार्टनर याला विरोध करतो. त्याच्या मते लोकांना एकच आकडा हवा असतो, "५० ते ८५ किमी" असं दाखवलं तर शोरूममधूनच गिऱ्हाईक पळून जाईल. मला हे पटत नाही. एसटीचा कंडक्टर "तीन-साडेतीन तास लागतील" म्हणतो तेव्हा कोणी उतरून जात नाही. उलट साडेतीन धरूनच आपण घरी कळवतो. शिवाय बाजारात सुरुवात झालीच आहे. टाटांनी २०२४ पासून चाचणीतल्या रेंजबरोबर "सी-७५" नावाचा दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज. ४५ युनिटच्या नेक्सॉनला चाचणीत ४८९ आणि सी-७५ मध्ये ३५० ते ३७५. दुसरा आकडा चक्क पट्टा आहे! चाचणीचा आकडा खोटा नाही. ती रोलरवर ठरलेल्या पद्धतीने होते, सर्वाधिक वेग ९०, आणि रोलरला घाट नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक. आत्याकडे जायला नाही.

माहितीपत्रकात पट्टा छापता येतो तर डॅशबोर्डवर का नाही? आमच्या ग्रुपने ठरवलंय की प्रोजेक्टच्या डिस्प्लेवर एकटा आकडा दाखवायचा नाही. वरची आणि खालची मर्यादा दोन्ही, आणि खालची मोठ्या अक्षरात. सरांना अजून सांगितलेलं नाही.

काकांनी गाडी विकली नाही. मी त्यांना एकच ठोकताळा काढून दिला: तुमच्या गाडीला शंभर मीटर चढाला अर्धा युनिट. तो कागद त्यांनी डॅशबोर्डवर, रेंजच्या आकड्याच्या बरोबर वर चिकटवलाय. संक्रांतीला ते पुन्हा आत्याकडे गेले. महाडला पाऊण तास थांबून चार्ज केलं आणि १७ टक्के शिल्लक ठेवून पोचले. तिथून फोन आला, "तुझा कागद बारा टक्के म्हणत होता. पाचने चुकला."