बाळ सुखरूप, पण बाळंतीण?

पिरंगुटहून एका मावशींचे पत्र आले आहे. मुलगा तिथल्या कारखान्यात कंत्राटी कामगार, सूनही पॅकिंगच्या कामाला जात होती. सुनेला दुसरी मुलगी झाली, त्याला महिना होत आला. मावशी बाळंतपणासाठी गावाहून आल्या आहेत. पत्रात बाळाविषयी पाच प्रश्न आहेत आणि सुनेविषयी शेवटी एकच ओळ आहे : "सून उगाच रडते, बाळ झोपले तरी झोपत नाही, म्हणते मला आई होणे जमणार नाही."

प्रथम बाळाचे प्रश्न घेऊ.

दूध पुरते की नाही? पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटतेच, ते दोन आठवड्यांत भरून येते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, घुटी, साखरपाणी, वरचे पाणीसुद्धा देऊ नये.

पिवळेपणा? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत आपोआप उतरते. ती घुटीने उतरली असा समज होतो. परंतु पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा दोन आठवड्यांनंतरही तो राहिला तर कोवळ्या उन्हात धरून वेळ घालवू नये, दवाखाना गाठावा.

नाळ? ती कोरडी ठेवावी. हळद, तेल, राख काही लावू नये.

मुलीची छाती सुजली, लघवीच्या जागी रक्ताचा डाग दिसला? आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो परिणाम असतो. काही दिवसांत तो जातो. छाती मात्र कधीही पिळू नये, जंतुसंसर्ग होतो.

संध्याकाळी फार रडते? सहाव्या आठवड्यापर्यंत रडणे वाढत जाते, पुढे कमी होते. म्हणून ते दृष्टीचे किंवा दूध आटल्याचे लक्षण समजू नये. मात्र बाळ दूध ओढेनासे झाले, अंग थंड लागले किंवा ताप आला, श्वास मिनिटाला साठाहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला किंवा बाळ मलूल पडले, तर १०८ ला फोन करून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आता ती शेवटची ओळ. मावशी, आमच्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निष्कारण रडू येणे पुष्कळ स्त्रियांना होते. विश्रांती आणि आधार मिळाला की दोन आठवड्यांत ते ओसरते. तुमच्या सुनेचा महिना होत आला. बाळ झोपलेले असतानाही झोप न येणे, आपण नालायक आहोत असे वाटणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांच्या पुढे टिकले तर तो आजार असतो. त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. तो नाटकीपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत दर पाच बाळंतिणींपैकी सुमारे एकीला मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्यतः नैराश्यच असते.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी यावर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तेथील जिल्हा रुग्णालयातल्या मातांपैकी २३ टक्के माता बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात आढळल्या. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी. म्हणजे रोग मनाचा असला तरी त्याची मुळे पुष्कळदा घरातच असतात. "पुन्हा मुलगीच का?" हे वाक्य घरात कोणी बोलले असेल तर ते आजच बंद करा. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरते. त्याचा दोष आईकडे जात नाही.

करायचे काय? रात्रीचे एक पाजणे झाले की बाळ मुलाने सांभाळावे आणि सुनेला सलग चार-पाच तास झोपू द्यावे. तिला पोटभर जेवण द्यावे. तिचे बोलणे मध्ये न तोडता, उपदेश न करता ऐकावे. गावातली आशाताई रुग्णालयातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सिद्ध केली. तिथल्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आशाताई बाळाचे वजन करत असताना सुनेची झोप, भूक, रडणेही तिला सांगा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून मोफत सल्ला मिळतो. औषध लागलेच तर अंगावर पाजतानाही चालणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात. पाजणे परस्पर तोडू नये.

स्वतःला किंवा बाळाला संपवण्याचा विचार ती बोलली, भलतेच आवाज ऐकू येतात म्हणाली किंवा असंबद्ध वागू लागली, तर तिला क्षणभरही एकटी ठेवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणखी एक. सून कामावर कधी परतणार, हा घोर तिच्या मनात असणारच. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलला पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ठासून मांडले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. प्रसूतीपूर्वीच्या वर्षात ८० दिवस काम भरले असेल तर कंत्राटदारामार्फत काम करणारीचाही तिच्यावर हक्क आहे. राज्य कामगार विमा लागू असेल तर त्याच्या नियमांप्रमाणे लाभ तिथून मिळतो. हजेरीचे आणि पगाराचे कागद जपून ठेवा, आणि मुलाला कंत्राटदाराकडे लेखी अर्ज द्यायला सांगा.

वस्तीवस्तीतल्या महिला मंडळांनीही एवढे करावे. बाळंतिणीच्या घरी झबली-टोपडी घेऊन गेलात की बाळाला मांडीवर घ्या, आणि आईला विचारा, "तुला झोप लागते का गं?" उत्तर मिळेपर्यंत थांबा.