हेलसिंकीचा अर्धाच दाखला



मागणीनुसार धावणाऱ्या मिनीबस आल्या की ठरलेल्या मार्गांवरच्या बसची गरज उरणार नाही, हे गेल्या अंकातील लेखाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही. लेखाने हेलसिंकीच्या ‘कुत्सुप्लुस’ या अशाच मिनीबस सेवेचा दाखला दिला, ती सेवा 2015अखेर बंद झाली, हे मात्र गाळले.

2012मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या गाड्या जेमतेम 15 झाल्या. गाड्याच थोड्या, म्हणून एकाच वाटेचे प्रवासी जुळणे अवघड. साहजिकच दर प्रवाशामागे अनुदानाचा बोजा मोठा. प्रवाशांना ती आवडली होती, एवढे मान्य.

अ‍ॅपशिवाय सामायिक प्रवास जमत नाही, हे लेखाचे म्हणणेही चूक. चर्चगेटबाहेर नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सी अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून आहेत. रांग लागते, टॅक्सी भरते, निघते.

महापालिकांनी आधी नेहमीच्या बस वाढवाव्यात.

– एक बसप्रवासी, दादर