वेतनमर्यादेचा लाभ कोणाला?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुणेरी पलटण संघाने हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव केला आणि प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद पटकावले. या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा आष्टी तालुक्याला खेटून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्या हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणूनही त्याचाच गौरव झाला. साहजिकच बीड जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर त्या विजयाचे कौतुक विशेष झाले असल्यास नवल नाही. परंतु या कौतुकात एक गोष्ट नजरेआड झाली. हा विजय जसा मैदानावर मिळविला गेला तसाच तो त्याआधी हिशेबाच्या वहीतही मिळविला गेला होता. त्या वहीचे नियम कोणी केले आणि त्यांचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. ज्या जिल्ह्यातील लाखो हात दरवर्षी हंगामी करारावर घराबाहेर पडतात, त्या जिल्ह्याला तर तो अगदी परिचयाचा वाटावा.

या लीगचा पायाभूत नियम साधा आहे. खेळाडूंच्या मानधनासाठी प्रत्येक संघाने किती रक्कम खर्च करावी याची कमाल मर्यादा आयोजक ठरवितात. नवव्या हंगामात, म्हणजे २०२२ साली, ती ४ कोटी ४० लाख रुपये होती; दहाव्या हंगामासाठी ती ५ कोटी करण्यात आली. संघात किमान अठरा खेळाडू हवेत. जुन्यांपैकी ज्यांना राखून ठेवले असेल त्यांचे मानधन याच रकमेतून वजा होते आणि उरलेल्या पैशांत लिलावात बोली लावायची असते. मालक कितीही धनाढ्य असला तरी पाच कोटींच्या वर त्याला एक रुपयाही टाकता येत नाही. यामुळे श्रीमंत संघाने सर्व चांगले खेळाडू विकत घ्यावेत आणि बाकीच्यांनी केवळ हजेरी लावावी, असा प्रकार टळतो. सामन्याचा निकाल आधीच ठाऊक असेल तर प्रेक्षक येणार नाही, आणि प्रेक्षक नसेल तर श्रीमंत संघाचीही श्रीमंती टिकणार नाही. मर्यादेच्या समर्थनार्थ दिला जाणारा हा युक्तिवाद खोटा नाही.

पैसा सर्वांकडे सारखाच असला की चढाओढ निवडीची होते. पुणेरी पलटणने ती कशी केली हे पाहण्यासारखे आहे. २०२२ च्या लिलावात या संघाने फझल अत्राचली आणि मोहम्मद नबीबक्ष या दोन इराणी खेळाडूंवर अनुक्रमे १ कोटी ३८ लाख आणि ८७ लाख रुपये खर्च केले. दोघांची बेरीज २ कोटी २५ लाख, म्हणजे एकूण मर्यादेच्या निम्म्याहून थोडी अधिक. संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण १७ डिसेंबर २०२२ रोजी जयपूर पिंक पँथर्सकडून २९–३३ असा हरला. उपविजेतेपदाच्या समाधानात जुनाच संघ पुन्हा उभा करण्याचा मोह अशा वेळी होतो. संघचालकांनी तो टाळला. दोन्ही महागडे खेळाडू मोकळे करण्यात आले आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन ही तरुण फळी कायम राखण्यात आली. २०२३ च्या लिलावात हा संघ सुमारे २ कोटी ८० लाख रुपये हातात घेऊन उतरला आणि त्यांतील २ कोटी ३५ लाख त्याने मोहम्मदरझा शादलूई या एकाच इराणी बचावपटूवर लावले. हा जुगार वाटावा असा निर्णय होता. तो यशस्वी ठरला. शादलूई त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि संघ साखळीत पहिला येऊन विजेता झाला.

आता याच लिलावातले दुसरे उदाहरण पाहावे. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तोवर कबड्डीत एवढी किंमत कोणालाच मिळाली नव्हती. त्या हंगामात टायटन्सला २२ पैकी केवळ दोन सामने जिंकता आले आणि संघ तळाला राहिला. एका खेळाडूवर मर्यादेच्या जवळजवळ निम्मा पैसा लावण्याची चूक टायटन्सने केली, असे म्हणावे तर पुणेरीनेही तेच केले होते. उलट त्या खरेदीनंतर टायटन्सच्या हाती पुणेरीपेक्षा अधिक पैसे शिल्लक होते. मग फरक कोठे पडला? तो लिलावाच्या दिवशी पडलाच नव्हता. तो आधीच्या दोन वर्षांत पडलेला होता. पुणेरीच्या घरात घडविलेली माणसे होती, म्हणून बाहेरून आणलेल्या एका मोठ्या खेळाडूला आधार मिळाला. टायटन्सच्या मोठ्या खेळाडूला एकट्यालाच भार वाहावा लागला. घराच्या भिंती उभ्या असतील तर वर भारी तुळई टाकता येते; नुसती तुळई घेऊन घर बांधता येत नाही. २०२२ साली हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली होती. त्या वेळी २ कोटी २६ लाखांना घेतलेला हाच पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जखमी झाला. तरीही तमिळ थलैवाज संघ आपल्या तरुण खेळाडूंच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत गेला.

यावरून कोणीही सहज निष्कर्ष काढील की वेतनमर्यादेच्या व्यवस्थेत दूरदृष्टीला फळ मिळते आणि नुसत्या पैशाला मिळत नाही. हे खरे असले तरी अपुरे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: पुणेरीची तरुण फळी एवढ्या थोड्या पैशांत कशी राखता आली? याचे उत्तर नियमांतच आहे. नव्या तरुण खेळाडूंना संघ लिलावाबाहेर, मर्यादित मानधनावर करारबद्ध करू शकतो आणि पुढील हंगामांतही आपल्याकडे ठेवू शकतो. इनामदार आणि गोयत यांनी २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पुणेरीकडूनच पदार्पण केले. असा खेळाडू पहिल्या वर्षी शिकाऊ असतो, दुसऱ्या वर्षी उपयोगी ठरतो, तिसऱ्या वर्षी सामने जिंकून देतो. परंतु त्याचे मानधन त्याच्या कर्तृत्वाच्या वेगाने वाढत नाही. कर्तृत्व आणि मानधन यांच्यातली ही तफावत हेच संघाचे खरे भांडवल. तिच्याच जोरावर शादलूईसाठी दोन कोटी पस्तीस लाख मोकळे झाले. म्हणजे महागड्या खेळाडूची किंमत मालकाच्या खिशातून जितकी येते, तितकीच ती स्वस्तात खेळणाऱ्या तरुण सोबत्यांच्या घामातूनही येते.

शिवाय ही व्यवस्था कोणालाही फार काळ स्थिर राहू देत नाही. २०२४ च्या अकराव्या हंगामासाठी पुणेरीने शादलूईला राखले नाही. हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला ३२–२३ असे हरवून हरियाणा विजेता झाला. इनामदारच्या दुखापतीने अडचणीत आलेली पुणेरी पलटण बाद फेरीतही नव्हती. पुढच्या वर्षी शादलूई आणखी वेगळ्या संघात, गुजरात जायंट्सकडे गेला. पुणेरीने मात्र घडविलेल्या खेळाडूंवरचा विश्वास सोडला नाही आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे दबंग दिल्लीने तिला ३१–२८ असे हरविले. चार हंगामांत तीनदा अंतिम फेरी गाठणारा संघ हा योगायोग नव्हे. परंतु या साऱ्या उलाढालीत संघ टिकतो आणि खेळाडू फिरत राहतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

वेतनमर्यादा ही कल्पना भारतात जन्मलेली नाही. अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये ती १९८४-८५ च्या हंगामापासून सुरू झाली, प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलर. परंतु ती मालकांनी एकतर्फी लादलेली नव्हती. १९८३ साली खेळाडूंच्या संघटनेशी करार झाला. त्यात खेळाडूंनी मर्यादा मान्य केली आणि बदल्यात एकूण उत्पन्नातील ५३ टक्के वाटा पदरात पाडून घेतला. तेथील फुटबॉलमध्येही १९९४ साली मर्यादा आली ती संघटनेशी झालेल्या करारातूनच. युरोपातील फुटबॉलमध्ये अशी सरसकट मर्यादा नाही, पण स्पेनच्या लीगने संघाच्या उत्पन्नाशी खर्चाची सांगड घातली आहे. म्हणूनच २०२१ साली बार्सिलोनासारख्या संघाला लिओनेल मेस्सीला सोडावे लागले. या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते: मर्यादा उत्पन्नाशी जोडलेली असेल तरच ती न्याय्य ठरण्याची शक्यता असते. उत्पन्न वाढले की मर्यादा आपोआप वाढते, आणि त्या वाढीत राबणाऱ्याचा वाटा निश्चित असतो.

कबड्डीत असे काही आहे काय? आकडे पाहावेत. २०२१ ते २०२५ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ९०८ कोटी ७० लाख रुपयांचा करार झाला, म्हणजे दर हंगामाला सुमारे १८१ कोटी ७४ लाख. बारा संघांची प्रत्येकी पाच कोटींप्रमाणे खेळाडूंवरील एकूण मर्यादा होते ६० कोटी. केवळ प्रक्षेपणाच्या पैशाशी तुलना केली तरी खेळाडूंच्या वाट्याला त्याच्या एकतृतीयांशाइतकी रक्कम येते. प्रायोजक, तिकीटविक्री वगैरे धरल्यास प्रमाण आणखी घटेल. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये तर हा वाटा याहूनही कमी दिसतो. तेथे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले आणि २०२५ साठी दहा संघांची लिलाव-मर्यादा प्रत्येकी १२० कोटी होती; हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्याही आत राहते. कबड्डीच्या संघचालकांना प्रवास, निवास, प्रशिक्षण यांचा खर्च असतो आणि नव्या खेळात भांडवल घालणाऱ्याने जोखीम पत्करलेली असते, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. ती नऊ वर्षांत अडीच कोटींच्या वर गेली, हेही श्रेय लीगला दिले पाहिजे. प्रश्न रक्कम वाढली की नाही एवढाच नसून ती कोणत्या नियमाने वाढते हा आहे. आज ती आयोजकांच्या मर्जीने वाढते.

येथे बीड जिल्ह्याच्या अनुभवाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादम उचल वाटून टोळी बांधतो. कोणता कोयता यंदा घ्यावा, कोणता सोडावा, याचा तोही हिशेब करतो. ऊसतोड कामगाराची उचल हे डोक्यावरचे कर्ज असते आणि कबड्डीपटूचे मानधन ही कमाई असते. दोघांच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते झाकण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तथापि एका बाबतीत हा गरीब कामगार त्या नामांकित खेळाडूच्या पुढे आहे. तोडणीचा दर ठरतो तेव्हा मेजाच्या एका बाजूला साखर संघ आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना बसतात. कोयता बंद ठेवण्याचा इशारा देऊनच जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढीचा करार पदरात पडला. तो पुरेसा आहे की नाही, तो प्रत्यक्ष मजुराच्या हाती किती पोहोचतो, यावर वाद होऊ शकतो. पण दर एकतर्फी जाहीर होत नाही. टीव्हीवर झळकणाऱ्या खेळाडूच्या एकूण वेतनाची मर्यादा मात्र अशा कोणत्याही सामुदायिक कराराविना जाहीर होते.

आणि खेळाडू घडविण्याचा खर्च कोण करतो? आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवितो, तेव्हा त्यामागे घरच्यांचे कष्ट आणि पुढे सैन्यदलाने दिलेले पाठबळ असते. कबड्डीपटूच्या मागे गावचे मैदान, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि तालमीचा खुराक पुरविणारे कुटुंब असते. या कोणाचेही नाव लीगच्या ताळेबंदात नसते. पीक तयार झाल्यावर बाजारात व्यापारी येतो, पेरणीच्या वेळी तो नसतो; शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून वेतनमर्यादा रद्द करा, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. ती गेली तर दोन-तीन संघ सर्व खेळाडू गिळंकृत करतील आणि पुणेरी पलटणसारखी संयमाने केलेली बांधणी निरर्थक ठरेल. पण तिला तीन गोष्टींची जोड हवी. पहिली, मर्यादा लीगच्या उत्पन्नाच्या निश्चित हिश्श्याशी बांधली जावी. दुसरी, वर मर्यादा आहे तशी खाली किमान मानधनाची हमी असावी आणि करारात अडकलेल्या तरुण खेळाडूचे मानधन त्याच्या कामगिरीनुसार दरवर्षी वाढावे. तिसरी, खेळाडूंच्या संघटनेला वाटाघाटीचा मान असावा आणि उत्पन्नाचा ठरावीक अंश शालेय व तालुका पातळीवरील मैदानांकडे परत यावा. प्रक्षेपण हक्कांच्या नव्या कराराचा विचार होईल तेव्हा या गोष्टी मागण्याची वेळ योग्य असेल.

बीडच्या मैदानांवरून उद्या एखादा चढाईपटू लिलावात जाईल. त्याच्यावर किती लाखांची बोली लागली हे वर्तमानपत्रे छापतीलच. त्या खेळाडूने, त्याच्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनी त्याबरोबर आणखी एक आकडा विचारण्याची सवय लावून घ्यावी: या बोलीच्या मागे एकूण उत्पन्न किती, आणि त्यात राबणाऱ्याचा हिस्सा किती? हा प्रश्न विचारणारा खेळाडू लीगचा शत्रू ठरत नाही. बाजाराचे नियम बदलायचे असतील, तर आधी ते वाचता यावे लागतात.