गीझरच्या व्हॉल्व्हला टोपण नको

गेल्या आठवड्याच्या अंकात एका वाचकाने, नवा गीझर बसवल्यापासून सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते, अशी तक्रार केली आहे. वर प्लंबरकडून तिथे टोपण ठोकून घेण्याचा सल्लाही दिला आहे. बाकीचे पत्र पटले. हा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे.

15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 200 मिलिलिटरने फुगते. थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला तो व्हॉल्व्ह पाण्याला उलटे पाइपात जाऊ देत नाही. जादा पाणी बारक्या तोंडातून बाहेर टाकतो. तेच ते थेंब. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही दगा देतील त्या दिवशी टाकी फुटण्यापासून वाचवणारी वस्तूही हीच. ठिबक खुपत असेल तर नळी लावून मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही धार लागली असेल, तर पाण्याचा दाब तपासून घ्या किंवा व्हॉल्व्ह बदला.

गीझर बदलताना जुनाच गंजका व्हॉल्व्ह नव्याला लावणारेही आहेत. का, तर चार पैसे वाचतात! हजारोंचा गीझर घेताना ही काटकसर कुठून सुचते कोण जाणे. 2 किलोवॅटच्या गीझरला अर्थिंग असलेले 16 अँपिअरचे सॉकेट लागते, हेही त्या पत्रात यायला हवे होते.

ते पत्र वाचून कुणी टोपण बसवले असेल, तर त्यांनी कृपया आजच गीझरचा स्विच बंद करावा आणि ते काढून घ्यावे.

— एक वाचक, पुणे