मीटरलाही कुलूप हवे

कारखान्याच्या पॅनेलमधला वीजमीटर आता नुसते युनिट मोजत नाही. व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर, हार्मोनिक्स, कमाल मागणी हे सारे तो नोंदवतो आणि केबलवरून संगणकाला कळवतो. मागणी करारापेक्षा वर जाऊ लागली की इशारा मिळतो, दंड टळतो. सोय मोठी आहे. पण बोलणाऱ्या मीटरशी कोण बोलते आहे, हे विचारण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

असे बहुतेक मीटर ‘मॉडबस’ या भाषेत बोलतात. ती 1979 मध्ये मोडिकॉन या अमेरिकी कंपनीने तयार केली. तेव्हा यंत्रे एकाच छपराखाली, एकाच तारेवर होती. त्यामुळे या भाषेत ना ओळखपत्र आहे, ना सांकेतिक लिपी. आलेली आज्ञा मालकाची की चोराची, हे मीटरला कळत नाही. तारेपुरते हे चालून गेले. पण तोच मीटर कन्व्हर्टर लावून कार्यालयाच्या नेटवर्कवर आणि तिथून इंटरनेटवर गेला की चित्र पालटते. सीटी गुणोत्तराचा एक आकडा बदलला, तरी सगळ्या नोंदी खोट्या ठरतात. मीटरच्या रिलेवर एखादे यंत्र जोडलेले असेल, तर तेही बंद पडू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत हॅकर शिरले. त्यांनी दुरूनच ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. जाताना त्यांनी उपकेंद्रांतील कन्व्हर्टरांची आज्ञावलीही बिघडवली. शेवटी कर्मचाऱ्यांना गाडीने उपकेंद्रांवर जाऊन हाताने वीज सुरू करावी लागली. धोका बाहेरूनच येतो असेही नाही. पोर्तो रिकोत मीटरच्या ऑप्टिकल पोर्टला लॅपटॉप जोडून, पैसे घेऊन नोंदी कमी करून दिल्या जात होत्या. त्यात माहीतगार माणसेच असल्याचा एफबीआयचा निष्कर्ष होता.

वीज कंपनीच्या बिलाच्या मीटरला सील असते आणि नव्या मीटरच्या ‘डीएलएमएस’ भाषेत पासवर्ड व सांकेतिक लिपीची सोय आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2021 मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कारखान्याच्या, रुग्णालयाच्या आतल्या मीटरांचे मात्र मालकालाच पाहावे लागते.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. मीटरचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे आणि ते थेट इंटरनेटवर कधीच आणू नये. बाहेरून फक्त वाचता यावे, लिहिता येऊ नये. अनेक मीटरांत सेटिंग बंद करण्याचे कुलूप असते, ते लावावे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद महिन्यातून एकदा तरी पाहावी. खरेदीच्या निविदेत अचूकतेच्या वर्गाइतकेच सुरक्षेच्या अटींनाही स्थान द्यावे.

तिजोरीला कुलूप लावताना आपण किंमत विचारत नाही. कारखान्याच्या विजेचा हिशेब ठेवणाऱ्या मीटरला तेवढा मान द्यायला हवा.